विरजणाचं निमित्त

संध्याकाळी दुधाला विरजण लावताना हात थबकतो. याच वेळेला शेजारची सुनंदा वाटी घेऊन विरजण मागायला यायची. दही तिच्या घरीही असायचं. पण पाळणा लांबवायच्या तिच्या गोळ्या माझ्या मेथीच्या डब्यात असायच्या. दोन मुलींवर घरच्यांना मुलगा हवा होता. ती गोळी गिळायची आणि वाटी घेऊन जायची.

एकदा तिची सासू तिला म्हणाली, "रोज काय शेजारी मागायचं? घरचं ठेवत जा." दुसऱ्या दिवसापासून सुनंदा यायची थांबली, गोळ्या मेथीतच राहिल्या.

विरजण पडलं की दूध कुणाचं ऐकत नाही. झाकणाखाली, उबेत, आपलं घट्ट होत जातं.

काल सुनंदाचं डोहाळजेवण झालं. सासू कौतुकानं मला म्हणाली, "पहिली ओटी तुम्हीच भरा." सुनंदानं मान खाली घालून पदर पुढे केला. मी नारळ ठेवला.