रिसेटचं बटण दाबण्याआधी विचारायचं नाही?

मित्रांनो, तासाभरापूर्वीची गोष्ट आहे आणि डोकं अजून तापलेलं आहे.

घणसोली गावात आमच्या शेजारी वैशाली राहते. ती घरपोच मासळी विकते. ऑर्डर घेण्याची वेबसाइट तिने घरच्याच राऊटरवर चालवली आहे आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहायला ती स्वतः शिकली. आज नेट संथ होतं, म्हणून तिने कंपनीकडे तक्रार केली. माणूस आला, काही न विचारता खिशातली पिन काढली आणि रिसेटचं बटण दाबलं. सगळं पुसलं गेलं. आजच्या ऑर्डरीसुद्धा.

"अरं दादा, माजा दुकान हाय त्याच्यावर!" वैशाली ओरडली.

"राऊटरवर दुकान कोण चालवतं, ताई? स्पीड बघा ना, कसला मस्त आलाय!"

सकाळी आणलेली सुरमई आणि कोलंबी बर्फात पडून होती. कुणाला किती द्यायची, हे आता तिलाही सांगता येत नव्हतं. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "तक्रार बंद करायचीय, ओटीपी सांगा."

वैशालीने ओटीपी दिला नाही. बरं केलं.

तक्रार बंद करायला ग्राहकाची परवानगी लागते, मग त्याची मेहनत पुसायला का लागू नये? तुमच्याकडेही असंच चालतं का?