चांदपाशाचा शब्द

उदगीरच्या आमच्या भागात लग्नाआधी पत्रिका बघतात आणि ट्रॅक्टर घेण्याआधी चांदपाशा मिस्त्रीला रान दाखवतात. तो ढेकूळ हातात कुस्करायचा, चढउतार पायी फिरून बघायचा आणि मगच सांगायचा, टू-व्हील घ्या, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांना ओढ असलेला, की फोर-व्हील. त्याच्या गॅरेजला खेटून माझं बियाण्याचं दुकान, म्हणून हे ज्ञान मला फुकटात मिळालं.

भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात किल्लारीकडच्या अमृतरावांना फोर-व्हील हवा होता, पुढच्या चाकांनाही ओढ असलेला. आमच्याकडे तेव्हा ती नवलाई होती. चांदपाशाने त्यांचं मुरमाड रान पाहिलं आणि म्हणाला, "या माळाला टू-व्हील लई झाला. उगी डिझेल कशाला जाळता?" अमृतरावांनी ऐकलं.

भूकंपाची खबर आली तसा चांदपाशा मिळेल त्या गाडीने तिकडे धावला. अमृतरावांची आई साखराबाई कोसळलेल्या माळवदाखाली अडकली होती. आतून तिचा आवाज येत होता. त्याने तुळईला साखळी बांधली आणि अमृतरावांच्या त्याच टू-व्हील ट्रॅक्टरवर स्वतः बसला. पण पाऊस लागला होता, गल्लीत नुसता चिखलाचा राडा. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी माणसांनी हातांनीच दगडमाती उपसली. तोवर आवाज थांबला होता.

अमृतराव त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर चांदपाशाने रान बघायला जाणंच सोडलं. गॅरेजात बसूनच सगळ्यांना सांगायचा, "फोर-व्हीलच घ्या." अर्धापूरच्या केळीवाल्याचं रान कायम ओलं, त्याला सांगितलं ते ठीक, पण आमच्या शेजारगावच्या संगप्पाचं रान म्हणजे धोतराची पट्टी, लांब वळण घेणारा फोर-व्हील तिथे फिरणार कुठे, त्यालाही तेच. मी चिडून म्हणायचो, "मिस्त्री आहेस का पोपट?" तो मान खाली घालून पाना पुसत बसायचा.

लातूरला क्लासेसचं पीक जोरात आलं, त्या वर्षांत अमृतराव एकदा गॅरेजात आले. लेक लातूरला क्लासला, बायको तिच्या डब्यासाठी खोली करून तिथंच. शेतात ते एकटे आणि जुना ट्रॅक्टर थकलेला.

"चांदभाई, कोणता घेऊ?"

"फोर-व्हील घ्या." त्याने वर पाहिलंच नाही.

"रान तेच हाय माझं."

"तरी बी."

अमृतराव स्टुलावर बसले. "तवा तुम्ही रान बघून खरं सांगितलं, म्हणून आज आलो. आता खोटं का सांगाय लागलात?"

चांदपाशाने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या आईचा आवाज अजून येतो मला."

"मला बी येतो. पण त्यात तुमचं नाव न्हाई."

तेव्हा तो रडला. डोळे पुसून एवढंच म्हणाला, "टू-व्हील घ्या."

मला वाटलं, सुटला बिचारा. पण दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेज बंद ठेवलं आणि मला घेऊन संगप्पाच्या रानात गेला. त्याने घेतलेला फोर-व्हील बांधावर ताडपत्रीखाली उभा होता आणि संगप्पा भाड्याच्या बैलांनी नांगरत होता. चांदपाशाला बघून तोच ओशाळला.

"वळतच न्हाई वो मला ह्यो," संगप्पा म्हणाला. "पण तुम्ही सांगितलेला ट्रॅक्टर हाय. माझंच कायतरी चुकत आसंल."