राखणदाराचा वाटा

मला वस्तू टाकवत नाहीत. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई मी. यावरून घरात माझी यथेच्छ थट्टा व्हायची. आता कुणी करत नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बाटली होती. तिच्यातलं ओतून द्यायचं सोडून मी ते साठवत गेले, आणि जे झालं ते त्या साठवण्यातून झालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या हुशारीचं कुणाला कौतुक वाटायला नको.

हुशारी होतीच. अकरावी-बारावीच्या मुलांना मी वीस-बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे. ऊर्ध्वपातनाचं प्रात्यक्षिक दरवर्षी तेच. शाईचं पाणी उकळायचं, वाफ नळीतून थंड करायची, पलीकडे स्वच्छ पाणी थेंबथेंब पडतं. मला स्वतःला त्या शाईच्या पाण्याचा इतका वीट आला होता की एके वर्षी ठरवलं, घरी खरी भट्टी लावायची. विकायची नाही, कुणाला पाजायची नाही, फक्त जमते का बघायचं. लोक बोन्साय करतात, पाव भाजतात. मी दारू गाळायचं ठरवलं. हा गुन्हा आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातही थोडी मजा होती.

दुसरं कारण माझे सासरे. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून ते आमच्याबरोबर मुलुंडला आले. मूळ वेंगुर्ल्याकडचे. त्यांच्या वडिलांची काजूच्या बोंडूंची भट्टी होती. मडकं कसं लिंपायचं, आच कधी कमी करायची, हे ते इतक्या रसाने सांगायचे की जेवण गार होऊन जाई. वय ऐंशीच्या पुढे. डावा डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. उजव्यात सकाळ-संध्याकाळ मी थेंब घालायची, आणि त्या एका डोळ्यावर त्यांचं सगळं जग चाललेलं होतं. रोज सकाळी खिडकीशी बसून ते पेपर मोठ्याने वाचत, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा डोळा जपा, दुसरा नाही. मी जपत होते. एकही थेंब चुकवला नाही.

भट्टी लावायला पावसाळाभर वेळ गेला. लग्नातला आठ लिटरचा स्टीलचा कुकर माळ्यावर पडून होता, तो काढला. शिट्टीच्या जागी बसेल अशी पितळी तोटी मरोळच्या एका गाळ्यात टर्नरकडून करून घेतली. गुलाबपाणी काढायचंय असं त्याला सांगितलं. तो नळीचं माप बघून म्हणाला, "मॅडम, एवढं गुलाबपाणी म्हणजे लग्न आहे का घरात?" आणि हसला. मीही हसले, पण पुन्हा त्या गाळ्याकडे फिरकले नाही. तांब्याची नळी एसीवाल्याने दिली. ती मी वरवंट्याभोवती गुंडाळून वेटोळी केली, बर्फाच्या बादलीत बसवली, आणि झाकणाच्या फटी कणकेने लिंपल्या. गॅस नको म्हणून इंडक्शनची शेगडी, कारण ती वाफ ज्योतीला लागली तर स्वयंपाकघरच पेटेल. सगळी काळजी घेतली होती. आज आठवतं तेव्हा त्या काळजीचाच राग येतो.

पहिला घाणा चिक्कूचा. आंबवलेल्या पिंपाचा वास जिन्यापर्यंत गेला आणि समोरच्या काकूंनी विचारलं, "आंबोळ्या का गं?" मी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरंच आंबोळ्या करून त्यांना नेऊन दिल्या. नवरा म्हणाला, "एक दिवस वाट लागणार आपली. तू टीचर आहेस ना?" तो इन्शुरन्समध्ये आहे, त्याला सगळीकडे वाट लागलेलीच दिसते. मी लक्ष दिलं नाही.

नळीच्या तोंडातून पहिला थेंब पडला तेव्हा सासरे खुर्ची ओढून बसले होते. सुरुवातीच्या त्या थोड्या द्रवाला नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. जे सगळ्यांत आधी उकळून येतं ते सगळ्यांत वाईट. त्यात पोटात जाऊ नये असं बरंच काही असतं, आणि फळांच्या दारूत डोळ्यांचा शत्रू असलेलं मिथेनॉलही असतं. ते फेकायचं, हा या कामातला पहिला नियम. मी वाटी बाजूला घेतली तर सासरे म्हणाले, "बरोबर. पयली धार राखणदाराची. तेका दिल्याबगर आपण तोंडाक लावचा नाय."

राखणदार म्हणजे जागेचा रक्षणकर्ता. त्यांच्या गावी तो वेशीवर वडाखाली असतो, त्याला कोंबडा आणि दारू लागते. मी म्हटलं, "बाबा, सातव्या माळ्यावर तो येणार कसा?"

"लिफ्टान येतलो," ते म्हणाले. "तू दी तर खरी."

मला फार आनंद झाला. विज्ञान सांगतं फेका, देव सांगतो मला द्या. एकाच वाटीत दोघांचं भागत होतं. ती वाटी त्यांनी बाल्कनीतल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतली, हात जोडले. मधल्या भागातली चमचाभर मी चाखली. जीभ भाजली आणि मागून चिक्कूची गोडी आली. सासऱ्यांना एक घोट दिला. त्यांनी डोळा मिटून घेतला आणि तो घोट तोंडात घोळवत ठेवला.

तीन घाण्यांनंतर जास्वंद वाळली. रोज फूल देणारं झाड, आधी पानं पिवळी पडली, मग खोड काळं. सासरे म्हणाले, ऊन लागलं. कशाने वाळली ते मला माहीत होतं. मी काळी काडी उपटली आणि म्हटलं, "आता कुंडीत नको ओतायला. त्याचा वाटा मी वेगळा बाटलीत ठेवत जाईन."

हे वाक्य माझं. ते मला आता रोज ऐकू येतं. मी "विष" म्हणायला हवं होतं. पण घरात विष आहे असं म्हटलं असतं तर नवऱ्याने त्याच दिवशी कुकर खिडकीतून खाली टाकला असता, आणि सासऱ्यांचा राखणदारही दुखावला असता. म्हणून म्हणाले, वाटा. त्यांना बरं वाटलं आणि माझी भट्टी वाचली.

मग ते ओतून का दिलं नाही? तर काच फार छान निघायची त्याने. खिडकीच्या काचा, शेगडीवरचा तेलकटपणा, बटणांभोवतीचा मळ. सासऱ्यांचा चष्माही मी त्याच बाटलीतले दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसायची. चष्मा लखलखीत व्हायचा आणि ते म्हणायचे, दुकानातसून नवो आणल्यासारखो. असं पाच-सहा घाण्यांचं साठत साठत बाटली अर्ध्यावर आली.

त्या दिवशी सकाळी ते पेपर वाचायला बसले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. दोनदा उलटी झाली. मी पित्त धरलं, कोकमाचं सरबत दिलं, कॉलेजात फोन करून रजा टाकली. अकराच्या सुमारास ते खिडकीशी येऊन बसले आणि चष्मा काढून माझ्यासमोर धरला. "पूस गो जरा. सगळा धुक्यासारखा दिसता."

मी फडकं घेतलं आणि बाटली उचलली. ती हलकी लागली. तळाशी बोटभरही नव्हतं.

"बाबा, यातलं कुठे गेलं?"

"काल अमावास्या न्हय? तेका दाखयलंय," ते म्हणाले. "उरला ता प्रसाद म्हणान घेतलंय. टाकूचा कसा?"

काल दुपारी मी कॉलेजात होते. त्यांनी बाल्कनीत त्या रिकाम्या कुंडीपुढे टोपणभर ओतलं होतं, आणि देवाला दाखवलेलं फेकू नये म्हणून उरलेलं पाण्यात घालून पिऊन टाकलं होतं. गावी तसंच करतात. देवाने घेतल्यावर उरतं ते घरातल्यांचं. मला टाकवत नाही, त्यांनाही टाकवलं नाही. एका घरातली माणसं.

आता जे लिहिते ते अजून नवऱ्यालाही माहीत नाही. रिक्षा बोलवायच्या आधी मी ती बाटली धुतली. दोनदा, साबणाने. पालथी घातली. मग सासऱ्यांना धरून खाली नेलं.

हॉस्पिटल जवळच होतं. वाटेत नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, काही बोलू नकोस. ते काय म्हणतात ते आधी बघू. पोलीस केस होईल. नोकरी जाईल तुझी." त्याचेच वडील होते. तरी तो हेच म्हणाला. त्याला दोष देत नाही, कारण मला तेच ऐकायचं होतं.

तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, काही घेतलं होतं का? दारू वगैरे?"

"नाय," सासरे म्हणाले आणि माझ्या दिशेने मान वळवली. मला सांभाळून घेत होते ते. पोटात काय गेलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, सूनबाई अडचणीत येईल एवढंच ठाऊक होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "काचबिंदू आहे त्यांना."

खोटं नव्हतं. डोळ्याचा दाब मोजला, सलाईन लावलं, रक्त घेतलं. मी बाहेर बाकावर बसले. या विषारी दारूवर वेळेत सांगितलं तर उपाय आहे, उशीर झाला तर नाही, हे मी वर्गात मुलांना सांगते. पहिल्या धारेचा उग्र वास माझ्या हातांना येतोय असं वाटून मी दोनदा हात धुवून आले. घड्याळात पाहिलं तेव्हा सव्वाबारा होते. पुन्हा पाहिलं तेव्हा दोन वाजून गेले होते. त्या वेळात मी नोकरीचा विचार केला, सोसायटीचा केला, समोरच्या काकूंचा केला. इतक्या उघडपणे मी स्वतःसाठी पूर्वी कधी घाबरले नव्हते.

आत गेले तर ते कॉटवर उताणे पडले होते. वर ट्यूबलाइट चालू होती.

"लाइट गेली काय गो?" त्यांनी विचारलं.

मी डॉक्टरांना शोधून सांगितलं. गावठी दारू, फळांची, पहिल्या धारेची, काल दुपारी, साधारण एवढी. त्यांनी नर्सला हाक मारली. मग पळापळ झाली. कुणीतरी म्हणालं, बाटली आणा, तपासून बघू. मी म्हटलं, धुतली गेली.

संध्याकाळी हवालदार आले. बाटली कुठून आली, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कॉटवरून आवाज आला, "गावाहून आलेली साहेब. माझी होती. हिका काय म्हायत नाय." हवालदारांनी तसंच लिहून घेतलं आणि अंगठा घेतला, कारण सही कुठे करायची ते सासऱ्यांना दिसत नव्हतं.

जीव वाचला. डोळा वाचला नाही. दारूने गेला की काचबिंदूने त्याच दिवशी डाव साधला, हे डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही, कारण रक्तात एव्हाना काही सापडलं नाही आणि बाटलीत तपासायला काही उरलंच नव्हतं. मी कागदावर हिशेब मांडला आहे, एका घाण्यातून किती निघतं, त्यात मिथेनॉल किती, पाच-सहा घाण्यांचं किती. हिशेब म्हणतो, एवढ्याने डोळा जाऊ नये. विद्यार्थ्याने असा हिशेब मांडला असता तर मी पूर्ण गुण दिले असते. माझा त्यावर विश्वास नाही. आणि कशानेही गेला असला तरी ते दोन तास मी बाकावर गप्प बसले होते, एवढं नक्की.

कुकर, नळी, बादली सगळं मी टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा काही तरी अख्खं टाकून दिलं.

सासरे आता खिडकीशी बसतात आणि पेपर मी वाचते. त्यांचा कुणावर राग नाही. त्यांच्या मते चूक त्यांचीच. "तेचा होता ता मी पिलंय," ते म्हणतात. "प्रसाद घोटभर घेवचो असता. मी हावरेपणा केलंय. तेना शिक्षा दिल्यान." प्रत्येक अमावास्येला मला रिकाम्या कुंडीपुढे दिवा लावायला लावतात, माफी मागायला. मी लावते. शेजारी उभी राहून हातही जोडते. दोन तासांबद्दल मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मलाही माफ करतील याची मला खात्री आहे, आणि मला तीच भीती वाटते.

रोज सकाळी पेपर उघडण्याआधी ते चष्मा काढून पुढे धरतात. सवय आहे. मी नळाखाली धरते, पदराने पुसते, परत देते.

"पुसलंस?"

"पुसला."

ते तो डोळ्यांवर नीट बसवतात, खिडकीकडे तोंड करतात आणि म्हणतात, वाच.