मामांचा रेनकोट

न घसरता, न आपटता, न फसता आणि फारसं न जगता ऐंशी वर्षं काढून दाखवलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो देवानं नेमका माझ्या आईचा भाऊ म्हणून पाठवला. माझे वडील लवकर गेले, तेव्हा आई मला घेऊन भिंगारला मामांच्या घरी आली. त्यामुळे सावधपणाचं बाळकडू मला रोज, न चुकता, दोन्ही वेळा मिळालं.

मामा लष्कराच्या एका डेपोत स्टोअरकीपर होते. तिथं कुलपं लावून लावून हात असा बसला होता की घराचं कुलूपही ते सात वेळा ओढून बघत. सावेडीला कुणाच्या लग्नाला निघालो की रिक्षा अर्ध्या वाटेवरून परत फिरायचीच. आम्ही पोचेपर्यंत नवरा-नवरीचा केक कापून पंगत उठायला आलेली असायची. एकदा ओढता ओढता कडीच उपसून हातात आली. आमचं घर आयुष्यात एकदाच फुटलं, तेही चोराच्या नव्हे, मामांच्या हातून. वर आम्हालाच ऐकवलं, "बघा, मी म्हनत हुतो, कडी कच्ची हाय." पुढं स्कूटर घेतली. पण उतार आला की घसरेल म्हणून खाली उतरून ढकलायची, आणि चढ आला की तिला दम लागेल म्हणून ढकलायची. सपाटीवर मात्र बसायचे, दुसऱ्या गियरमध्ये. पायी चाललेले लोक "येतो हां मामा" म्हणून पुढं निघून जायचे.

आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या सकाळी वचनांची पेटी फिरते. बायबलमधली वचनं चिठ्ठ्यांवर लिहिलेली असतात. ज्यानं त्यानं एक उचलायची, ते त्याचं वर्षभराचं वचन. आता या चिठ्ठ्या पाळकसाहेब स्वतः निवडून लिहितात. त्यात शाप नाही, पीडा नाही, सगळा आशीर्वादच. पण मामांनी जन्मात कधी पेटीत हात घातला नाही. "न जानो, काय निघायचं." पाळकसाहेब एकदा हसून म्हणाले, "अहो मामा, सगळी चांगलीच आहेत आतमध्ये." मामा म्हणाले, "मग न काढताबी चांगलंच हाय की."

आणि तो रेनकोट! डेपोतल्या कुणीतरी रिटायर होताना दिलेला, हिरवा, जाड, जमिनीवर ठेवला तर बसणार नाही, उभाच राहील असा. नगरला पाऊस किती पडतो ते नगरकरांना सांगायला नको. आमच्याकडं ढग येतात ते हजेरी लावून पुढं जायला. तरी बारा महिने तो रेनकोट मामांच्या खांद्यावर, अगदी भर मे महिन्यात भाजीबाजारातसुद्धा. त्याच्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. आणि दुसऱ्या कुणाला तो द्यायचं तर नावच काढू नका. मामी एकदा दळणाचा डबा घेऊन पावसात गिरणीला निघाल्या, तर त्यांना डोक्यावर पोतं दिलं, रेनकोट दिला नाही. "अंगाबाहेर गेला की गेला. मग आपन काय करायचं?"

इथवर सगळे हसतात. मीही हसायचे. माझं हसू कुठं थांबलं ते आता सांगते.

मी तेव्हा एका शाळेत टेंपररी शिक्षिका होते. तिथं तिसगावचा एकजण प्रयोगशाळेत मदतनीस होता, पर्मनंट. भल्या माणसानं ती नोकरी सोडून गावी कोंबड्यांची शेड टाकली, आणि जाताना मला स्पष्टच विचारलं. म्हणाला, "येत्या गुरुवारी शाळेला सुट्टी आहे. तिसगावला या. शेड बघा, आईला भेटा. आलात तर हो समजेन. नाही आलात तर परत विचारून त्रास देणार नाही." मी घरी सांगितलं. आई मामांकडं बघत बसली, मामा छताकडं. "पर्मनंट सोडली?" असं चार वेळा पुटपुटले. मग म्हणाले, "कोंबडी लई नाजूक जात. आज हाय, उद्या न्हाई."

गुरुवारी सकाळी मी चांगली साडी नेसून तयार झाले. बघते तर मामा घरात! कधी रजा न टाकणारा माणूस रजा टाकून बसलेला. मला अडवायलाच, दुसरं कशाला? दारात उभे राहून वर बघत म्हणाले, "आभाळ आलंय बरं का." दाराजवळच्या खुंटीवर तो रेनकोट लटकत होता. मी आभाळाकडं बघितलं, रेनकोटाकडं बघितलं, मामांच्या पाठीकडं बघितलं, आणि समजायचं ते समजले. नऊची एसटी गेली. साडेदहाची गेली. मी पलंगावर बसून हातातल्या बांगड्या मागं-पुढं करत राहिले. मेला एक थेंब पडला नाही दिवसभर. दुपारी मी साडी बदलली.

तीन वर्षांत रोग आला आणि त्याची सगळी शेड साफ झाली. मामा बातमी घेऊन आले, "वाचलीस बघ." हेच तर त्यांचं सहन होत नाही. हा माणूस दर वेळी बरोबर निघतो. वाचले मी. पर्मनंट झाले, सावेडीत फ्लॅट झाला, दोन वर्षांत पेन्शनही मिळेल. वाचले, पण कशासाठी वाचले, हे विचारायचं कुणाला? मागं तिसगावच्या बाजारात तो दिसला. आता टेम्पो चालवतो. पोट सुटलंय, केस गेलेत. बायकोशी कांद्याच्या गोणीवरून भांडत होता, आणि भांडता भांडता दोघंही हसायला लागली. कोंबड्या मेल्या होत्या, माणूस चांगला धडधाकट होता. मी काही न घेता रिकामी पिशवी घेऊन परत आले. तेव्हापासून मामांशी कामापुरतंच बोलत आले. मनात मात्र रोज बोल लावले, की माझ्या आयुष्याला तुम्ही कुलूप घातलंत आणि वर सात वेळा ओढून पाहिलंत.

आता आई नाही, मामी नाहीत, उरलो आम्ही दोघंच. यंदा नव्या वर्षाच्या सकाळी मीच त्यांना धरून चर्चला नेलं. वचनांची पेटी आमच्या बाकापाशी आली. मी सवयीनं ती पुढं सरकवली. मामा हळूच म्हणाले, "तूबी काढत न्हाईस की गं कवा." खरंच की! इतक्या वर्षांत मीही कधी चिठ्ठी काढली नव्हती. आणि मग माझा तोल गेला. उपासना चालू असताना, दबक्या आवाजात का होईना, पण पंचवीस वर्षांचं बोलून टाकलं. "कुणी शिकवलं मला हे? त्या गुरुवारी आभाळ दाखवून घरात कुणी बसवलं?"

मामा बावचळून माझ्याकडं वळले.

"मी बसवलं? अगं, मग रेनकोट कशाला खुंटीला लावला हुता? तू घालून जाशील म्हनून. तो तुला दिल्यावर मी डेपोत कसा जानार? म्हनून तर रजा टाकली." खांद्यावरचा रेनकोट सावरत म्हणाले, "दुपारपत्तुर दारात हुतो. म्हनलं, आता निघंल, मग निघंल. तू निघालीच न्हाईस. मला वाटलं, तुलाच न्हाई जायचं."

मामीला न दिलेला रेनकोट. जन्मभर ज्यांच्यावर खापर फोडलं, त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. भित्री मीच होते.

उपासना संपली. बाहेर लख्ख ऊन होतं. पायऱ्यांपाशी मामांनी खांद्यावरचा रेनकोट काढला, "धर जरा," म्हणून माझ्या हातात दिला आणि माझा दंड धरून एकेक पायरी उतरू लागले. तो रेनकोट मी पहिल्यांदाच हातात घेतला होता. चांगलाच जड होता.