आसिफच्या पिक्चरमधला वाकडा शॉट

आसिफचा मेसेज आला तेव्हा मी राजूरला एका लग्नात नवरदेवाच्या आत्याचा फोटो काढत होतो. 'विल्या, आपला पिक्चर महोत्सवात लागला. आंतरराष्ट्रीय! शुक्रवारी संभाजीनगरला ये, अन् अम्मीला घेऊन ये.' वाचलं आणि पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? आत्याबाई म्हणाल्या, "आम्हाला हसा म्हणता, अन् तुमचंच तोंड एरंडेल पिल्यावानी का झालं?"

आसिफ मूळचा धावड्याचा. भोकरदनला आमचा दोघांचा फोटो स्टुडिओ होता, सहा वर्षं आम्ही जोडीनं लग्नं शूट केली. मग त्याच्या डोक्यात पिक्चरचं खूळ शिरलं. गोष्ट एवढीच: मिरची तोडायला जाणाऱ्या एका बाईला दिसेनासं होतंय, आणि काम जाईल म्हणून ती ते लपवते. दोघं मिळून करू म्हणाला. मी एक दिवस धावड्याला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी लग्नसराईचं कारण सांगून अंग काढून घेतलं. खरं कारण वेगळं होतं. लोक हसतील याची मला भीती वाटली. आसिफनं स्टुडिओ सोडला आणि गावातलीच माणसं घेऊन दोन वर्षं राबला. लोक हसलेच. त्यांच्यात मीही होतो.

तर मी निघालो ते चूक शोधायला. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गोंधळ होणार नाही.

शुक्रवारी सकाळी खाला, म्हणजे आसिफची आई, धावड्याहून जीपनं भोकरदनच्या स्टँडवर उतरली. नवी ओढणी, हातात डबा. "विलास बेटा, जल्दी चल, जगा नै मिलती." खिडकी मिळाली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खाला आधीच खुशीत होती. तुम्हीही याच वाटेनं जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा आणि सिल्लोडपर्यंत पाठीला काहीतरी मऊ घ्या. सिल्लोडला गाडी थांबते तेवढ्यात गरम भजी मिळतात, मिरची सोबत मागून घ्या. खालानं डब्यातली खिचडी काढली आणि सगळ्या सीटवाल्यांना सांगितलं, "मेरे बेटे का पिक्चर है." मागच्या सीटवरचे एक काका माझ्याकडे बघून म्हणाले, "वा, अभिनंदन!" तो बेटा मी नव्हे हे सांगताना भजं माझ्या घशात अडकलं.

फुलंब्री मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात काय काय मागून घेतलं! हॉल रिकामा असू दे. आवाज फाटू दे. निदान मधेच लाइट तरी जाऊ दे.

महोत्सव मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये होता. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, रिक्षा मिळते, भाडं बसण्याआधी ठरवा. ओळखपत्र दाखवून पास घेतला की तो गळ्यात अडकवून दिवसभर कुठलाही पिक्चर बघता येतो. सीटनंबर नसतो, म्हणून अर्धा तास आधी रांग धरा. आतला चहा पिऊ नका, तेवढ्या पैशांत बाहेर दोघांचा नाश्ता होतो. आसिफचा पिक्चर दुपारी होता, म्हणून सकाळी एक परदेशी बघितला. त्यात एक म्हातारा हरवलेला घोडा शोधतो, दोन तास. घोडा सापडत नाही. लोक टाळ्या वाजवत होते. खाला म्हणाली, "गाव के लोगां को पूछा होता तो मिल जाता." मला बरं वाटलं. असल्यांमध्ये आसिफचा लागला म्हणजे त्यात काही दम नसणार.

पण हॉल भरला. पायऱ्यांवरसुद्धा पोरंपोरी बसली. आसिफ पुढे उभा होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आमच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा पास. तो पासही मला सलला.

पिक्चर सुरू झाला आणि खालाही सुरू झाली. "या अल्ला, ये तो शेवंता! वो देखो रफिक का बैल!" लोक शू शू करायला लागले. तिला कळेना. आमच्याकडे लग्नाची कॅसेट बघताना जो दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचंच असतं, नाहीतर तो माणूस रुसतो. "पहचान का आदमी दिखा तो बोलना नै क्या?" असं तिनं समोरच्यालाच विचारलं. तो हसला, आणि मग तिला कुणी गप्प केलं नाही.

मी मात्र डोळ्यांत तेल घालून चुका शोधत होतो. सापडेनात. ती बाई हिरव्या ढिगातून लाल मिरच्या बोटांनी चाचपून वेगळ्या काढायला बघते आणि तिला जमत नाही, तिथे माझ्या शेजारचा माणूस रडायला लागला. मला त्याचा राग आला. मग माझ्या लक्षात आलं की माझाही चष्मा धुरकटलाय, तेव्हा स्वतःचाही आला.

आणि एकदाची सापडली! बाजाराचा शॉट. दुकानांच्या पाट्या तिरप्या, विजेचा खांब कललेला. आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे, मंडपाचा खांब सरळ तर फ्रेम सरळ. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शेवटी टाळ्या सुरू झाल्या, पडद्यावर नावं यायला लागली, तसा मी उठून बाहेर आलो. त्या टाळ्या मला ऐकवेनात.

आसिफ गर्दीतून वाट काढत माझ्याकडेच आला. दोन-तीन मोठी माणसं त्याच्याशी बोलायला थांबली होती, त्यांना तसंच सोडून.

"कसा वाटला रे? बाकीचे तारीफ करून राह्यले. तू खरं सांग."

सहा वर्षं ज्याच्यासोबत एका डब्यात जेवलो, त्याला चांगला झालाय एवढं म्हणायला काय जात होतं? मी म्हणालो, "बाजाराचा शॉट वाकडा आहे. कापायला पाहिजे होता."

त्याचा चेहरा उतरला. "सगळ्यांनी तेच सांगितलं. एडिटिंगवाल्यानं तर भांडणच केलं. पण मी न्हाई कापला."

"का?"

"तो तुझा हाय, विल्या. तू एक दिवस आल्तास ना? तू काढलेल्यातला तेवढाच कामाचा निघाला."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी म्हण आहे. मी वाकून वाकून पाहिलं आणि नेमकं माझंच सापडलं. मी गाडीची वेळ झाली म्हणून निघालो.

परतीच्या एसटीत खालानं रिकामा डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "तू किधर गया था? आखिर में नामां आए. मेरे को पढ़ना नै आता, बाजू की लड़की से सब पढ़वाई. तेरा नाम आया, कॅमेरे में, आसिफ के बाद." मग म्हणाली, "मैं ताली बजाई. तेरे नाम पे अकेलीच बजाई."

घरी आल्यावर दोन दिवस मी कामातच डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी जुनी हार्डडिस्क काढली आणि तो शॉट लावला. पिक्चरमध्ये आसिफनं या शॉटचा आवाज काढून टाकलाय. मूळ शॉटमध्ये तो आहे. बाजाराच्या गलक्यात माझाच आवाज, फोनवर कुणाला तरी सांगतोय: "हो हो, लग्नाची तारीख पक्की! मी येतो की, बिलकुल काळजी करू नका." एका हातात फोन, म्हणून दुसऱ्या हातातला कॅमेरा कलला.

तुम्ही विचाराल, महोत्सवाला जावं का? जावं. पास काढावा, डबा न्यावा, आणि पडद्यावरची नावं संपेपर्यंत जागचं हलू नये.

मी आसिफला फोन लावला. "पिक्चर चांगला झालाय," म्हणालो. हे तीन शब्द बोलायला मला तीन दिवस लागले.

तो म्हणाला, "आता खरं सांग."

"खरंच सांगून राह्यलो," मी म्हणालो. "म्हणून तर जीव जळून राह्यला."