साडूचं स्मिजन

इतक्या कमी इंग्रजीवर इतका मान मिळवलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. हा माणूस म्हणजे माझा साडू. मी पंचवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याला एकच शब्द येतो, स्मिजन. स्वयंपाकाच्या कुठल्याशा व्हिडिओत तो त्याला सापडला. अर्थ चिमूटभर, अगदी नावापुरतं. हा मात्र तो कशालाही लावतो. मुकुटबनहून आर्णीजवळच्या आमच्या सासुरवाडीला भर उन्हात मोटरसायकलने येतो आणि विचारलं की म्हणतो, "स्मिजन पाठ दुखून राह्यली." ट्रॉली भरून सांडेल इतका कापूस निघाला तरी तो स्मिजनच. सासऱ्यांच्या तेरवीला ढसाढसा रडला आणि डोळे पुसत म्हणाला, स्मिजन आठवण आली. रडणारं घर हसलं. मंडप, आचारी, पंगती सगळं मी सांभाळलं होतं, पण लक्षात राहिला तो.

खरी जळजळ मात्र ताटावरची. सासूबाई वाढायला आल्या की मी ताटावर हात आडवा धरतो. पोटापुरतं घ्यावं, उष्टं टाकू नये, हे माझ्या घरचं वळण. हा बोटांची चिमूट दाखवत "आई, स्मिजन" म्हणतो आणि ताट पुढे सरकवतो. मग त्याच्या पुरणपोळीवर तुपाची अख्खी वाटी उपडी होते. त्या घरात स्मिजन म्हणजे भरपूर, हेच आता पक्कं झालंय. परवा माझ्या सख्ख्या बायकोने पेलाभर चहा याच शब्दात मागितला, तेव्हा माझा संयम संपला.

या धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयांना जेवायला बोलावलं, तेव्हा मी पिशवीत शब्दकोश घालूनच गेलो. सगळ्यांसमोर अर्थ वाचून दाखवायचा आणि याचं दुकान बंद करायचं. तरी मास्तरकीचा सभ्यपणा आड आला, म्हणून अंगणात हात धुताना त्याला खरा अर्थ आधीच सांगून टाकला.

तो हात पुसत राहिला. "मालूम हाये, साडभाऊ. पोरीनं कवाच सांगतलं. पण बाबा गेल्यापासून आईले वाढाले कोणी नाही. आपण बस म्हटलं का त्यायचा हात तसाच राह्यते हवेत. मले नाही पाहवत. म्हणून आदल्या दिवसापासून उपाशीच येतो मी."

हा पठ्ठ्या त्या हातासाठी उपाशी येत होता. मला त्याचा नव्याने हेवा वाटला, पहिल्याहून जास्त. इतकी वर्षं मी त्याच्या ताटाकडे बघत होतो आणि तो वाढणाऱ्या हाताकडे.

पंगतीत सासूबाई तुपाची वाटी घेऊन माझ्यापाशी आल्या आणि सवयीने पुढे निघाल्या. मी ताटावरचा हात काढला.

"आई, स्मिजन."

त्या थबकल्या.

"तुमाले बी येते का हा शब्द, मास्तर?"

शब्दकोश पिशवीतच राहिला. तूप पोळीवरून ताटभर पसरलं, आणि मी त्यातला एक थेंबही टाकला नाही.