मास्तरांना काढायचं की ठेवायचं?

लक्षवातीचा नेम घेतला की माणसाला दोन गोष्टी मिळतात. देवापुढे वाती आणि डोक्यात किस्से! हात कापसावर फिरत असतात, तोंड मोकळं असतं, आणि एक आठवण ओढली की तिच्यामागे दुसरी आपोआप येते. आमच्या गल्लीतल्या बाया म्हणतात, "वहिनी, फुटबॉलचं सांगा ना." आता मी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नाही. पण आमचे हे बऱ्हाणपुरात इंग्रजांच्या अमलात शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेच्या फुटबॉल टीमचे मास्तर होते. टीम सारखी हरायची. त्यामुळे किस्से भरपूर!

* * *

चौकात नानांचं कापडाचं दुकान होतं, मागेच घर. संध्याकाळी दुकानाच्या पायऱ्यांवर शाळेचे सगळे जुने विद्यार्थी जमायचे, आणि विषय एकच. मास्तरांना काढायचं की ठेवायचं? काढणाऱ्यांचे पुढारी खुद्द नाना. ठेवणाऱ्यांना पुढारीच नव्हता, कारण ते जेमतेम तिघे!

खंडव्याकडून हरून आलो त्या दिवशी ही सगळी मंडळी भांडत भांडत आमच्याच ओसरीवर येऊन बसली. हे कोपऱ्यात पायाची धूळ झटकत होते. मी सगळ्यांना चहा दिला. नानांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि यांच्या देखत म्हणाले, "वहिनी, मास्तरला तर काढावंच लागेल. बाकी चहा फक्कड झाला आहे हं!"

हे म्हणाले, "नानांना अजून अर्धा कप दे. अजून बरंच बोलायचं असेल त्यांना."

* * *

यांना सगळं आखून समजवायची सवय. एकदा रात्री अंगणात खडूनं मैदान काढलं, खेळाडूंच्या जागी गोल गोल खुणा केल्या. कोणी कुठून कुणाला चेंडू द्यायचा, त्या रेषा ओढल्या. पोरांना सकाळी यायला सांगितलं होतं.

पहाटे शेजारच्या गोदाकाकू सडा घालायला उठल्या. त्यांना वाटलं, मास्तरीणबाईंची रांगोळी अर्धी राहिली. बिचारीनं मायेनं पुरी केली! चारी कोपऱ्यांत कमळं, मध्ये स्वस्तिक, आणि गोलकीपरच्या खुणेवर हळदकुंकू वाहून वर फूल ठेवलं.

पोरं आली ती कडेलाच थबकली. रांगोळीवर पाय कोण देणार? आणि आमचा फोपनार गावचा गोलकीपर, केळीच्या बागेतला आडदांड गडी, डोळे विस्फारून म्हणाला, "मास्तर, आता कोणाची हिंमत आहे मला गोल मारायची!"

त्या मॅचमध्ये खरंच एकच गोल झाला त्याच्यावर. एरवी मोजायचं सोडून द्यायचो आम्ही.

* * *

आमच्या घरात पाळणा हलला नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण संध्याकाळ झाली की खेळून आलेली पोरं आमच्या विहिरीवर पाय धुवायला यायची. पाण्याचा तो आवाज, ती हाणामारी, "काकी, भूक लागली!" असा पुकारा. यांना काढलं, तर ती विहीर मुकी होणार, एवढंच माझ्या मनात घोळत राहायचं. गल्लीतल्या बायांनी ते न सांगता ओळखलं आणि टीमसाठी नवस बोलल्या.

आता नवस म्हटला की प्रसाद आलाच! भुसावळच्या टीमशी मॅच होती. त्या सकाळी पोरं आशीर्वाद घ्यायला गल्लीत आली. माझ्याकडे शिरा, गोदाकाकूंकडे पुरणाची पोळी, पुढच्या घरी खीर, त्याच्या पुढे मावा-जिलेबी! नाही म्हणायची सोय नाही, देवाचा प्रसाद. पोरांनी प्रत्येक उंबऱ्यावर हात पुढे केला.

मैदानात आमची टीम अशी धावली म्हणतात, जणू जेवणावळीतून उठून शतपावली करते आहे! चार गोलांनी हरले. संध्याकाळी नाना गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ओरडले, "मी माझा शब्द मागे घेतो! मास्तर बदलू नका, या बाया बदला!"

गोदाकाकूंनी दारातूनच ठणकावलं, "आधी जिलेबीची ताटली परत करा, नाना. तुम्ही पण चार खाल्ल्या!"

* * *

टीममध्ये युसूफ होता, विणकराच्या घरचा. लहानपणापासून मागावर पाय चालवलेला, त्यामुळे पाय असे चपळ की चेंडू दिसायचाच नाही. एका मॅचच्या दिवशी त्याचा रोजा होता, आणि त्याच दिवशी एकादशी. यांचा उपास असला तरी हे एरवी पाणी, दूध घ्यायचे. त्या दिवशी घरून निघताना मी तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "पोरगा कोरड्या घशानं पळणार, आणि मी सावलीत बसून पाणी पिऊ?"

हाफटाइमला पाण्याची घागर आली. युसूफ म्हणाला, "मास्तर, आप तो पी लो." हे नुसते मान हलवून बसले. मग गोलकीपरनं हातातला पेला खाली ठेवला. त्याचं बघून दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. घागर भरलेली तशीच राहिली.

आणि त्या दिवशी आमची टीम हरली नाही! बरोबरीत सुटली! सूर्य मावळल्यावर युसूफच्या अम्मीनं खजूर पाठवले, ते हातावर ठेवताना नाना यांना म्हणाले, "मास्तर, माझं ऐका. रोज उपास करा!"

* * *

पुढचा किस्सा मात्र जिव्हारी लागणारा. पुन्हा खंडव्याशीच मॅच, आमच्याच मैदानावर, आणि रेफरी गोरा साहेब. शेवटची काही मिनिटं. युसूफनं चेंडू मारला, साहेबानं शिट्टी फुंकली. गोल! लोकांनी टोप्या उडवल्या. नाना तर नाचायला लागले.

तेवढ्यात युसूफ साहेबापुढे जाऊन उभा. गोऱ्या साहेबाला 'तुमचं चुकलं' म्हणायची त्या काळी वकिलांचीसुद्धा छाती नव्हती. हा म्हणाला, "साहब, गोल नहीं हुआ. गेंद बाहर से गई."

साहेबानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपली टोपी काढली आणि गोल रद्द केला. मग खंडव्यानं गोल मारला आणि आम्ही हरलो.

यांनी युसूफच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. उत्तर बरोबर आलं."

आणि नाना छाती पिटत म्हणाले, "अरे, ही फुटबॉलची टीम आहे की हरिश्चंद्राची!"

* * *

त्या हारीनंतर मात्र थट्टा संपली. हेडमास्तर म्हणाले, "गावाचं जे म्हणणं असेल ते मला कळवा. तसं करू." नानांच्या दुकानात बैठक ठरली. यांना बोलावलं नव्हतं. हे घरी पेपर तपासत बसले, पण बराच वेळ एकच पेपर हातात होता. मी देवापुढे निरांजन लावलं, म्हटलं, देवा, जिंकवू नकोस हवं तर, पण यांना मैदानावरून घरी बसवू नकोस. आणि नानांच्या मागल्या दारानं आत गेले. यमुनाकाकूंनी, नानांच्या मंडळींनी, मला पडद्याआड पाट दिला.

नाना गरजत होते. "बस झालं! माणूस सोन्यासारखा, पण टीम सारखी मातीत! आज काय तो निकाल लावून टाकू!" लोक माना डोलवत होते. मी डोळे मिटले.

तेवढ्यात पायरीवरून एक अनोळखी आवाज आला. खंडव्याच्या शाळेचे सेक्रेटरी होते, मास्तरांचं घर विचारायला चौकात उतरलेले. हात जोडून म्हणाले, "माफ करा, कानावर पडलं म्हणून बोलतो. परवाची मॅच मी पाहिली. आमच्याकडे बूट आहेत, चांगलं मैदान आहे, जिंकणारी पोरं आहेत. असा मास्तर नाही. तुम्ही काढताच आहात, तर आम्हाला द्या."

लोकांच्या डोलणाऱ्या माना थांबल्या.

नाना सावकाश उठले. "काढतो आहोत? कोण म्हणालं?"

"अहो, तुम्हीच तर आत्ता..."

"ते आमचं घरातलं बोलणं! घरात माणूस बापालाही बोलतो. म्हणून काय बाप देऊन टाकतो?" आणि मग बाहेर बघून, "ए, टांगा बोलाव रे! साहेबांना लालबागला, आपल्या स्टेशनवर जायचं आहे. गाडीची वेळ झाली!"

पाहुणे म्हणाले, गाडीला अजून पुष्कळ अवकाश आहे. नानांनी त्यांना हाताला धरून टांग्यात बसवलं, आणि स्वतःही शेजारी चढून बसले. बैठक तिथंच उठली.

नाना परतले ते गाडी सुटल्यावर, धुळीनं माखून. यमुनाकाकू वैतागल्या, "अहो, नुसतं टांग्यात बसवून दिलं असतं तर चाललं नसतं का? एवढं लांब सोबत कशाला?"

नाना उपरणं झटकत म्हणाले, "तुला काय कळतंय! वाटेत मास्तरांचं घर लागतं!"